विल्यम कूपर: अंधाऱ्या खोऱ्यातून चाललेला गीतकार



एका खेड्यातील मंडळीच्या उपदेशकांनी थोड्या दिवसांपूर्वी आम्हांस एक पत्र पाठविले. त्यांच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. शेतकरी, बायकामुलांचे, रविवारची उपासना सहसा न चुकविणारे. गेल्या काही महिन्यांपासून आपले जीवन संपवावे असा विचार ह्या गृहस्थांच्या मनात वारंवार येतो. नांगर धरला असता येतो, रात्री अंथरुणावर येतो, आणि प्रार्थनेला गुडघे टेकले असताही येतो. ह्या शेवटच्या गोष्टीने तर ते अगदी भयभीत झाले आहेत. तो विचार त्यांना नको आहे. तो आला म्हणजे ते रडतात. ही गोष्ट त्यांच्या पत्नीने विश्वासाने एकीस सांगितली आणि तेथून ती गावभर झाली. मंडळीतील काहीजण म्हणू लागले की, ह्याचा विश्वास मुळातच खोटा असला पाहिजे. शेजारी म्हणतात की बाहेरची बाधा आहे, देवऋषीकडे न्यावे. भाऊ म्हणतात की दवाखान्यात मुळीच नेऊ नये, कारण ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव एकदा घराला चिकटले म्हणजे मुलींची लग्ने व्हावयाची नाहीत. उपदेशकांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले आहेत. हे पाप आहे काय? आणि अशा वेळी आपण काय करावे?

ह्याचे उत्तर नुसत्या उपदेशाने न देता एका मनुष्याच्या चरित्राने द्यावे असे आम्हांस वाटते. हा मनुष्य म्हणजे इंग्लंडातील प्रख्यात कवी विल्यम कूपर. देवाच्या गूढ मार्गांविषयी आणि तारणाऱ्याच्या रक्ताच्या झऱ्याविषयी त्यांनी रचलेली गीते सव्वादोनशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती मंडळ्यांत गाईली जात आहेत. ज्यांनी ही गीते लिहिली त्यांच्याच मनात तो भयंकर विचार घर करून होता, आणि निदान तीन वेळा त्याने त्यांना मरणाच्या दारापर्यंत नेले. हे आम्ही उघड सांगतो. मात्र त्यांनी कोणत्या रीतीने प्रयत्न केले ते सांगणार नाही. ते सांगितल्याने कोणाचे हित होत नाही.

कूपर यांचा जन्म १७३१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडातील बर्कमस्टेड गावी झाला. वडील जॉन कूपर हे तेथील मंडळीचे पाळक होते. ह्या दांपत्याला सात मुले झाली, त्यांपैकी विल्यम आणि जॉन एवढे दोघेच जगले. धाकट्या जॉनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, १७३७ साली, आई मरण पावली. विल्यम त्या वेळी सहा वर्षांचा होता. ही जखम त्याच्या मनातून कधीच भरून आली नाही. पुढे साठीच्या उंबरठ्यावर असताना आईची तसबीर हाती पडली, तेव्हा त्या वृद्धप्राय कवीने लहान मुलासारखा शोक करून तिजवर कविता लिहिली.

आई गेल्यावर त्या कोवळ्या पोराला वसतिगृहाच्या शाळेत घातले. तेथे पंधरा वर्षांचा एक दांडगा मुलगा त्याचा नित्य छळ करी. विल्यमला त्याची इतकी धास्ती बसली की मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहण्याची छाती होईना. तो त्याला त्याच्या जोड्यांच्या बकलांवरून ओळखत असे. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत त्याचे शिक्षण चांगले झाले आणि लॅटिन व ग्रीक भाषांत तो प्रवीण झाला. परंतु आईची पोकळी आणि छळाची भीती ही दोन बीजे मनात पडून राहिली. खेड्यातील शाळांतून शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

वडिलांच्या इच्छेने विल्यम वकिलीकडे वळले. ह्या दिवसांत ते आपल्या काकांच्या घरी जात व तेथे काकांची कन्या थिओडोरा हिजवर त्यांचे प्रेम जडले. परंतु काकांनी विवाहास संमती दिली नाही. थिओडोरा अखेरपर्यंत अविवाहित राहिली, आणि कूपरही. १७५३ च्या सुमारास, लंडनात वकिलांच्या वसतिस्थानी एकटे राहत असता, त्यांच्यावर खिन्नतेचा पहिला झटका आला. रात्री निजतांना जिवाची तगमग आणि सकाळी उठतांना निराशा, असा तो काळ गेला. पुढे १७५६ साली वडीलही वारले.

खरे संकट १७६३ साली आले. लॉर्ड्स सभेच्या दप्तरात कारकुनाची एक चांगली जागा त्यांच्या एका नातलगाच्या हाती होती. ती त्यांनी कूपर यांस देऊ केली. दुसऱ्यांस ती नेमणूक रुचली नाही. कूपर लायक आहेत की नाहीत ह्याची परीक्षा भर सभेपुढे उभे करून घ्यावी असे ठरले. सभेपुढे उभे राहणे म्हणजे ह्या भित्र्या मनुष्यास साक्षात मरण. अर्ध्या वर्षाहून अधिक काळ ते रोज दप्तरात जाऊन पुस्तके उलटीत बसत, पण अक्षर डोक्यात शिरत नसे. आपले मन मोडत चालले आहे हे त्यांनी कोणास सांगितले नाही. कॉफीच्या दुकानात वर्तमानपत्र वाचताना त्यातील एक मजकूर आपल्यालाच उद्देशून लिहिला आहे आणि लेखकाला आपल्या मनातला विचार ठाऊक आहे, असेही त्यांना वाटू लागले. ह्याच दिवसांत आत्मघाताचा विचार प्रथम पाहुण्यासारखा आला आणि मग घरधन्यासारखा वागू लागला. परीक्षेचा दिवस येऊन ठेपला तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. देवाच्या दयेने एकही प्रयत्न सिद्धीस गेला नाही.

आता एक गोष्ट नीट पाहा. प्रयत्न फसल्यावर कूपर यांनी त्या नातलगास बोलावून घडलेले सर्व सांगितले. नातलग घाबरले, आणि ह्या स्थितीत ती जागा तुम्हांस सांभाळता येणार नाही असे म्हणून त्यांनी ते ओझे तत्काळ उतरविले. ज्या परीक्षेच्या भयाने हा मनुष्य मरणास प्रवृत्त झाला होता, ती त्या एका भेटीत संपली. कित्येक महिने जे कोणाजवळ बोलता आले नाही, ते बोलण्यास थोडासाच वेळ लागला. आधी बोलले असते तर रोग टळला असता असे आम्ही म्हणत नाही. पण तो इतक्या टोकाला एकट्याने सोसावा लागला नसता.

त्या काळी हे बोलणे सोपे नव्हते. जो आत्मघात करील त्याची मालमत्ता सरकारजमा करावी असा इंग्लंडचा कायदा होता, आणि अशाचे प्रेत ख्रिस्ती स्मशानभूमीत न नेता रात्री चव्हाट्यावर पुरीत. वेड्यांसाठी लंडनात बेथलेम नावाचे मोठे इस्पितळ होते. तेथे लोक मौजेखातर जात आणि रोग्यांस पाहून हसत. हा प्रकार १७७० पर्यंत चालला. घराला डाग लागेल ही भीती आमच्याच खेड्यांत जन्मली असे कोणी समजू नये.

कूपर यांचे नशीब इतकेच की त्यांच्या माणसांनी त्यांस लपवून ठेवले नाही. धाकटे बंधू जॉन केंब्रिजहून धावत आले, आणि १७६३ च्या डिसेंबरात त्यांस सेंट ऑल्बन्स गावी डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या घरी नेण्यात आले. डॉ. कॉटन हे वैद्य होते, कवी होते आणि देवभीरू ख्रिस्ती होते. मोजके रोगी आपल्या घरी ठेवून ते त्यांची शुश्रूषा करीत. तेथे तमाशा नव्हता. पहारा होता, औषध होते आणि ममता होती. आपण कायमचे शापित झालो आहोत, देव आता आपला न्याय करणार, असे पहिले कित्येक महिने कूपर यांस वाटत होते. १७६४ च्या उन्हाळ्यात बंधू भेटीस आले, त्या दिवसापासून मन हलके होऊ लागले. बागेतील बाकावर एक पवित्र शास्त्र पडले होते, ते त्यांनी उघडले, तो लाजराला उठविल्याचा वृत्तांत निघाला. पुढे एके सकाळी त्यांनी रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचला, आणि प्रायश्चित्ताच्या वचनाशी येताच त्यांच्या अंतःकरणात विश्वासाचा प्रकाश पडला. आनंद असा की डॉक्टरांस काळजी वाटली. हा अतिहर्ष उन्मादात तर जाणार नाही ना, असे ते सावधपणे पाहत राहिले. खात्री पटल्यावर ते रोज सकाळी आपल्या रोग्याशी सुवार्तेविषयी बोलू लागले. वैद्य आणि सुवार्ता एकाच घरात, एकाच माणसाच्या हातून मिळाली. कूपर तेथे सुमारे दीड वर्ष राहिले व १७६५ च्या जूनमध्ये बाहेर पडले.

बंधू जवळ असावेत म्हणून त्यांनी हंटिंग्डन गावी बिऱ्हाड केले. तेथे रे. मॉर्ले अनविन ह्या पाळकांच्या कुटुंबाशी ओळख झाली आणि थोड्याच महिन्यांत ते त्यांच्याच घरी राहावयास गेले. दोन वर्षांनी रे. अनविन घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी मेरी अनविनबाई ह्या कूपर यांच्याहून काही वर्षांनी वडील होत्या. ह्या बाईंनी पुढील सुमारे तीस वर्षे एखाद्या बहिणीप्रमाणे, आईप्रमाणे, त्यांचा सांभाळ केला. कूपर यांच्या चरित्रातील देवदूत कोण असे कोणी विचारील तर आम्ही ह्या बाईंकडे बोट दाखवू.

१७६७ साली दोघे ओल्नी गावी आले, कारण तेथे रे. जॉन न्यूटन उपदेश करीत होते. एके काळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान असलेला हा मनुष्य प्रभूच्या कृपेने पाळक झाला होता. ओल्नी हे गरिबांचे गाव. बहुतेक घरांत लेस विणून पोट भरीत. कूपर न्यूटनसाहेबांबरोबर आजाऱ्यांस भेटत, गरिबांस मदत पोहोचवीत, प्रार्थनासभेत बोलत. सभेपुढे उभे राहण्याच्या भयाने ज्याचे मन मोडले होते, तोच मनुष्य लेस विणणाऱ्यांच्या सभेत प्रार्थना करू लागला. त्या सभांसाठी दोघांनी गीते रचण्यास आरंभ केला. १७७९ साली ती छापली गेली. त्या पुस्तकात ३४८ गीते असून त्यांपैकी साठाहून अधिक कूपर यांची आहेत. तेवढीच असण्याचे कारण दुःखाचे आहे.

१७७३ च्या जानेवारीत रोग पुन्हा उलटला. देवाच्या गूढ मार्गांविषयीचे गीत ह्याच्या थोडेच अगोदर लिहिले होते. फेब्रुवारीत त्यांस एक स्वप्न पडले, आणि त्यात आपल्यावर कायमचा नाशाचा निकाल झाल्याचे आपण ऐकले असे त्यांनी धरले. त्याच वर्षी शरदात, अब्राहामाप्रमाणे आपणही बलिदान द्यावे, आणि ते आपल्याच जिवाचे, अशी देवाची आज्ञा आहे, असे रोगाने त्यांच्या मनात भरविले. प्रयत्न फसला, तेव्हा आज्ञा मोडली म्हणून आपण टाकून दिले गेलो आहोत अशी उलट समजूत झाली. बंधूंनो, ह्या रोगाची लबाडी पाहा: तो विश्वासणाऱ्याच्या तोंडची भाषा उसनी घेतो. तो देवाचा आवाज काढून बोलतो. जी वाणी मनुष्यास स्वतःचा जीव घेण्यास सांगते ती ज्या देवाने इसहाकावरचा सुरा थांबविला त्याची नव्हे, हे निरोगी मनास सहज कळते. आजारी मनास कळत नाही.

ह्या वेळी न्यूटनसाहेबांनी जे केले ते प्रत्येक पाळकाने आणि उपदेशकाने पाठ करावे. एप्रिलमध्ये कूपर त्यांच्या घरी आले आणि परत जाईनात. न्यूटन व न्यूटनबाई यांनी त्यांस वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. अनविनबाई रात्रंदिवस जवळ राहिल्या, आणि लोक काय म्हणतील ह्याची त्यांनी पर्वा केली नाही. न्यूटनसाहेबांनी प्रार्थना तर केलीच, पण डॉ. कॉटन यांचा सल्लाही घेतला. विश्वास आणि वैद्य यांत त्यांनी भांडण लावले नाही. आपल्या पाहुण्याच्या समजुतीशी वाद घालून तो जिंकता येत नाही, हेही त्यांस कळून चुकले होते. ते जवळ राहिले.

१७७४ साली कूपर आपल्या घरी परतले. गावातल्या कोणी त्यांस सशाचे एक पिल्लू दिले. ते कळताच लोक आणखी पिल्ले आणू लागले. त्यांतून त्यांनी तीन ठेवली आणि पस, टायनी व बेस अशी त्यांची नावे ठेवली. त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी खुराडी केली. संध्याकाळी ससे दिवाणखान्यात खेळत. टायनी अखेरपर्यंत तापट राहिला. पस आजारी पडला तेव्हा कूपर यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तो त्यांचा हात चाटू लागला. सुतारकाम, बागकाम, काकड्यांचे वाफे, पक्ष्यांचे पिंजरे, चित्रे काढणे, असे एकामागून एक उद्योग त्यांनी हाती घेतले. हात गुंतले असता मन त्या विचारापासून काही घटका सुटते हा त्यांचा अनुभव होता. ह्याने रोग गेला नाही, परंतु दिवस गेला. आणि अशा रोग्याला एक दिवस जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

१७८० च्या हिवाळ्यात अनविनबाईंनी त्यांस मोठी कविता लिहिण्यास प्रवृत्त केले. वयाच्या पन्नाशीत, १७८२ साली, त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. त्याच वर्षी लेडी ऑस्टिन ह्या मैत्रिणीने त्यांस उदास पाहून जॉन गिल्पिन नावाच्या व्यापाऱ्याच्या उधळलेल्या घोड्याची गोष्ट सांगितली. तिजवर त्यांनी विनोदी पोवाडा लिहिला, आणि सारे इंग्लंड पोट धरून हसले. लिहिणारा मात्र स्वतःस नाश पावलेला समजत होता. १७८५ साली ‘द टास्क’ हे त्यांचे मोठे काव्य प्रसिद्ध होऊन ते आपल्या काळचे अग्रगण्य कवी ठरले. त्या काव्यात, आणि १७८८ साली लिहिलेल्या गीतांत, त्यांनी गुलामगिरीचा कठोर निषेध केला. ओल्नीच्या गरिबांसाठी एका धनिकाने गुप्तपणे पाठविलेला पैसाही त्यांच्या हातून वाटला जाई. स्वतःला निरुपयोगी मानणाऱ्या मनुष्याचे हे काम पाहा. रोगाने त्यांच्याविषयी दिलेला निकाल किती खोटा होता!

तथापि आम्ही गोड करून सांगणार नाही. १७७३ नंतर कूपर उपासनेस गेले नाहीत. आपल्याला प्रार्थनेचा अधिकार नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. जेवणापूर्वी इतर उपकार मानीत, तेव्हा ह्यात आपला वाटा नाही हे दाखविण्यासाठी ते सुरीकाटा हाती घेऊन बसत. १७८६ च्या नोव्हेंबरात त्यांचे बिऱ्हाड जवळच्या वेस्टन गावी गेले. त्याच महिन्यात अनविनबाईंचा पुत्र, कूपर यांचा जिवलग मित्र, तापाने वारला. १७८७ च्या जानेवारीत झटका आला आणि पुन्हा तोच प्रयत्न झाला. अनविनबाई वेळेवर पोहोचल्या म्हणून ते वाचले. सहा महिन्यांनी ते बरे होऊन कामास लागले, आणि १७९१ साली ग्रीक महाकवी होमर याच्या काव्यांचे त्यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले.

ह्या उत्तरकाळातील एक गोष्ट आमच्या खेड्यांस विशेष लागू आहे. ओल्नीत सॅम्युएल टीडन नावाचे एक शाळामास्तर होते. कूपर यांस रात्री जे शब्द ऐकू येत ते ते टीडन यांस लिहून कळवीत, आणि टीडन प्रार्थना करून त्यांचे अर्थ सांगत व देवाने आपणांस आश्वासन दिले आहे असे कळवीत. माणूस कदाचित सद्भावाचा असेल. पण ती आश्वासने फळास आली नाहीत, आणि प्रत्येक वेळी निराशा अधिक खोल गेली. देवऋषी सोडून आपण प्रभूकडे आलो. आता प्रभूचे नाव घेणारा दुसरा देवऋषी घरात आणू नये.

१७९१ च्या अखेरीस अनविनबाईंस अर्धांगवायूचा झटका आला, आणि पुढच्या वर्षी दुसरा. आता कूपर त्यांची सेवा करू लागले. ज्या हातांनी त्यांस मरणातून ओढले होते ते हात लुळे पडले. १७९४ च्या आरंभी कूपर यांचे मन पुन्हा बुडाले, आणि ह्या वेळी ते पूर्णपणे वर आले नाही. राजा तिसरा जॉर्ज यालाही मनोव्याधी झाली होती. त्याजवर ज्यांनी उपचार केले त्या डॉ. विलिस यांचाही सल्ला घेण्यात आला. त्याच वर्षी राजाने कूपर यांस सालीना ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. १७९५ साली जॉन जॉन्सन ह्या तरुण नातलगाने दोघांस नॉरफोक प्रांतात नेऊन आपल्याजवळ ठेवले. १७९६ च्या डिसेंबरात ईस्ट डेरेहॅम येथे अनविनबाई देवाघरी गेल्या. १८०० सालच्या २५ एप्रिल रोजी कूपर त्याच गावी नैसर्गिक आजाराने मरण पावले. वय ६८ वर्षे. मृत्यूनंतर त्यांच्या मुद्रेवर शांती आणि जणू आनंदाचे आश्चर्य उमटले होते, असे जॉन्सन यांनी नोंदून ठेवले आहे.

हे चरित्र वाचून कोणी म्हणतात की, न्यूटनसाहेबांच्या कडक उपदेशाने कूपर वेडे झाले. ते खरे नव्हे. पहिले दोन झटके त्यांच्या पालटाच्या आणि न्यूटनसाहेबांच्या ओळखीच्या आधीचे आहेत. कोणी म्हणतात की, विश्वास खरा असता तर निराशा आली नसती. तेही खरे नव्हे; ज्यांची गीते गाऊन हजारो लोक मरणसमयी धीर पावले, त्यांचा विश्वास खोटा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. हिवतापात जसे अंग कापते तसे ह्या रोगात मन कापते. थंडी वाजणारा मनुष्य जसा पापी ठरत नाही तसाच हाही नाही. वाटेने जाणारा उपटसुंभ ओटीवर येऊन बसला म्हणून तो घरधनी होत नाही. नको असताना मनात आलेला विचारही त्या मनुष्याची इच्छा नव्हे.

आणि हा रोग परमुलखातल्या कवींपुरता नाही. कूपर ओल्नीच्या पंचक्रोशीत राहत असतानाच, १७८६ साली, त्याच ओल्नीतील बाप्तिस्त मंडळीने विल्यम कॅरी यांस सेवेसाठी नेमले. हेच कॅरीसाहेब पुढे बंगालात आले आणि १८०५ साली त्यांनी श्रीरामपुराहून मराठी भाषेचे व्याकरण छापून काढले. त्या वेळी त्यांच्या घरात काय चालले होते? १७९४ साली मुलगा वारल्यानंतर त्यांच्या पत्नी डोरोथीबाई यांस मनोव्याधी जडली आणि १८०७ साली मरेपर्यंत ती हटली नाही. आमच्या भाषेची ज्या घराने सेवा केली त्या घरातही हे दुःख होते. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्यास बोल लावला नाही. आधी भाकर व पाणी दिले आणि झोपू दिले.

आता आमच्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नांस उत्तर. हे पाप नव्हे, हे आजारपण आहे. म्हणून त्या गृहस्थांस एकांतात भेटा आणि जीव देण्याचे विचार येतात काय, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात नवा उत्पन्न होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्यांचे ऐका, वाद घालू नका, आणि जे ऐकाल ते चव्हाट्यावर नेऊ नका. विचार प्रबळ असेल त्या दिवसांत त्यांस क्षणभरही एकटे सोडू नका. मंडळीतील दोघातिघांनी पाळी लावून घ्यावी. शेतीची विषारी औषधे व तशाच इतर वस्तू घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या. मग त्यांजबरोबर स्वतः जिल्हा रुग्णालयात जा. तेथे मनोरुग्णांच्या डॉक्टरांची तपासणी होते. कूपर यांच्या काळी ह्या रोगावर गुणकारी औषध नव्हते. आज आहे, आणि पुष्कळ लोक बरे होऊन संसार करतात. औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून ते बंद करू नये. सरकारची ‘टेलि मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते व तेथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरले जाते. त्यास शिक्षा न करता त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. पोलिसांच्या भयाने कोणी दवाखाना टाळू नये.

मुलींच्या लग्नाविषयी भावांस एवढेच सांगा की, औषध घेणाऱ्या बापाची मुलगी हा डाग नव्हे. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी हे उघडपणे बोलून दाखविले तर डाग लावणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतील.

आणि ज्यांच्या मनात हा विचार येत आहे त्या बंधूंस आमचा निरोप: आज प्रार्थना होत नसेल तर होऊ देऊ नका, तुमच्यासाठी आम्ही करू. कूपर सत्तावीस वर्षे प्रार्थना करू शकले नाहीत, पण त्यांच्यासाठी करणारे होते. आज रात्री आपल्या उपदेशकांना किंवा घरच्या एका माणसाला एवढे सांगा की हा विचार येत आहे. बाकीचे ओझे आम्ही मिळून उचलू.